आतले कोणी पाहत नाही तेव्हा



मोटारीच्या दुखण्यांमध्ये हे तसे क्षुल्लक दुखणे. गाडी धावते, ब्रेक लागतात, दिवे पेटतात. फक्त मोबाईलची तार डॅशबोर्डवरच्या ‘ऑक्स’च्या भोकात घातली की गाणे एकाच बाजूच्या स्पीकरमधून येते, खरखर होते, आणि पिन बोटाने दाबून धरली तरच आवाज सुरळीत लागतो. आपण गाडी गॅरेजमध्ये नेतो. तिथे दोन मिनिटांत उत्तर मिळते: “सेट गेला, नवीन टाकावा लागेल.” आपण मान डोलावतो, कारण पॅनेलच्या आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. या साध्या प्रसंगात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याला आतले दिसते, त्याचे ज्याला दिसत नाही त्याच्याशी काय कर्तव्य आहे?

आधी त्या भोकात काय असते ते पाहू. ही पिन साडेतीन मिलिमीटर जाडीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर जी जाड पिन वापरत, तिचेच हे धाकटे भावंड. पिनेवर काळ्या पट्ट्यांनी वेगळे केलेले तीन धातूचे भाग असतात. टोकाचा भाग डाव्या स्पीकरचा, मधला उजव्याचा आणि मागचा दोघांच्या सामाईक अर्थचा. जॅकच्या आत या तिघांना चिकटून बसणाऱ्या बारीक पितळी पट्ट्या स्प्रिंगसारख्या दाबलेल्या असतात. रोजच्या काढ-घालीने, लोंबकळणाऱ्या तारेच्या ओढीने त्या सैल होतात, किंवा मागचा सोल्डरिंगचा डाग तडकतो. दुखणे एवढेच!

पण ते नेमके कुठे आहे? कदाचित दोष तारेत असेल; दुसरी तार लावून पाहिली की कळते. कदाचित मोबाईलच्या भोकात खिशातला कचरा अडकला असेल. हे दोन्ही नसेल तर जॅक. काही गाड्यांत हा जॅक गिअरजवळ वेगळा बसवलेला असतो आणि मागची छोटी कनेक्टरची तार काढून तेवढाच बदलता येतो. काही गाड्यांत तो सेटच्या सर्किट बोर्डवरच सोल्डर केलेला असतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून, एअरबॅगच्या वायरिंगला धक्का न लावता, क्लिपा न मोडता पॅनेल काढायचे, जुना जॅक उतरवायचा आणि नवा बसवायचा. सुटा जॅक अगदी स्वस्त असतो. महाग असतो तो कारागिराचा तास. ही तपासणी न करताच सेट बदलला आणि घरी आल्यावर दोष तारेत निघाला, तर ‘दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला’ अशी गत होते.

मग पूर्ण सेट बदलायला सांगणारा मेकॅनिक लबाड म्हणायचा का? इतक्या घाईने निकाल देऊ नये. एका जॅकसाठी त्याचा अर्धा दिवस मोडतो. बोर्डवर सोल्डर करताना शेजारचा भाग जळाला तर भरपाई त्याच्याच अंगावर येते. नव्या सेटला गॅरंटी मिळते, दुरुस्तीला तो स्वतःच गॅरंटी. शिवाय कित्येक सेट दहा-बारा वर्षे चाललेले असतात. अशा वेळी नवा सेट घेणे शहाणपणाचेही असू शकते. सेट बदलण्यात पाप नाही. दुसरा मार्ग आहे हे माहीत असून ते ग्राहकापासून लपवणे, हा मात्र अन्याय आहे. पैसे ग्राहकाचे आहेत, म्हणून निर्णयही त्याचाच. “जॅक बदलता येईल, इतकी मजुरी पडेल, खात्री इतकी देतो, नवा सेट इतक्याला पडेल, आता तुम्ही सांगा,” एवढी चार वाक्ये बोलणारा कारागीर आपले कर्तव्य पूर्ण करतो. पुढे ग्राहकाने काहीही निवडले तरी व्यवहार स्वच्छ राहतो.

आता दोषाचा दुसरा वाटा पाहू. तो आपला, ग्राहकांचा आहे. हजारोंचा सेट आपण फारशी घासाघीस न करता घेतो. पण कोणी तासभर डोके घालून दोष शोधला आणि त्याचे पैसे मागितले, की आपण म्हणतो, “एवढ्याशा जॅकचे एवढे?” वस्तूचे मोल आपल्याला दिसते, ज्ञानाचे आणि वेळेचे दिसत नाही. जो निदानाची मजुरी देत नाही, तो कारागिराला खोकी विकायलाच शिकवतो. प्रामाणिकपणाने पोट भरत नसेल, तर त्या प्रामाणिक माणसाला उपाशी ठेवण्यात आपलाही हात असतो.

हा प्रश्न गल्लीतल्या गॅरेजपुरता नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या कारागिरांपर्यंत पोहोचू न देणे, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. तो वाद पुढे वरच्या न्यायासनांपुढे गेला. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली; तिच्या विषयांत मोटारीही होत्या. म्हणजे गॅरेजवाल्याने आपल्यापासून जे लपवू नये असे आपण म्हणतो, तेच मोठ्यांनी त्याच्यापासूनही लपवू नये. माहिती दाबून ठेवली की शेवटचा भुर्दंड सर्वांत अजाण माणसावर पडतो.

आणि एक गोष्ट कायद्यालाही पकडता येत नाही. नवा जॅक बसला, आवाज लागला, पॅनेल बंद झाले. आत तारेचा सांधा नीट तापवून पक्का केला की नुसता चिकटवला? उघड्या तारेवर नळी चढवली की तशीच सोडली? गाडी गॅरेजबाहेर पडताना दोन्ही सांधे सारखेच वाजतात. फरक सहा महिन्यांनी खड्ड्यांच्या रस्त्यावर कळतो, आणि तेव्हा कोण कोणाला धरणार? पॅनेलच्या आतला तो सांधा केवळ कारागिराच्या सद्‌सद्‌विवेकबुद्धीच्या देखरेखीखाली असतो. शिक्षकाची वहीतपासणी, परिचारिकेची रात्रपाळी, हिशेबनिसाची बेरीज, आईने डब्यात भरलेली भाजी. आपणा प्रत्येकाच्या कामात असा एक झाकलेला सांधा असतोच.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये तीन गोष्टी करू या. दोष नेमका कशात आहे हे शांतपणे विचारू. काढलेला जुना भाग पाहायला मागू. संशयाने नव्हे, समजून घेण्यासाठी. आणि ज्याने खरे सांगून आपले पैसे वाचवले, त्याची मजुरी घासाघीस न करता हातावर ठेवू. अशा माणसाचे दुकान आपल्या गावात टिकून राहावे, ही जबाबदारी आपलीही आहे.