डोंगर जवळ हवा, तर पेठेत राहा

मुंबई-पुणं सोडून डोंगराजवळ राहायला जावं, हा विषय अलीकडे घरोघरी निघतो. टाळेबंदीत घरून काम जमतं हे कळल्यापासून तर त्याला जोरच आला. पण बोलणं सुरू झालं की नावं ठरलेली असतात : लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वर, इगतपुरी. माझ्या मते चुकतं ते इथेच. ज्या गावाचं पोट पर्यटनावर चालतं, तिथे राहणं स्वस्त पडूच शकत नाही. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्याच्या खिशावरून तिथल्या भाजीचा, रिक्षाचा आणि घरभाड्याचा दर ठरतो. इगतपुरीचंच बघा. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. आता तिथे स्वस्त जागेची आशा किती दिवस धरायची? डोंगर हाकेच्या अंतरावर आहे, पण गावाचा संसार मात्र त्याच्या जिवावर चालत नाही, अशी गावं शोधायला हवीत. त्यांत मी साताऱ्याला पहिला मान देतो.

शाहू महाराजांनी अठराव्या शतकात वसवलेलं हे राजधानीचं शहर. वारांच्या नावाच्या पेठा अजून नांदत्या आहेत. जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे कचेऱ्या, कोर्ट, कॉलेजं, दवाखाने, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सगळं आहे. आजूबाजूच्या ऊस-आल्याच्या पट्ट्याची बाजारपेठही हीच. इथला भाडेकरू म्हणजे शिक्षक, नर्स, बँकेतला कारकून, बदलून आलेला हवालदार. त्यांना झेपेल तेवढंच भाडं घरमालक मागू शकतो. स्वस्ताईचं खरं कारण हे आहे, आणि ते देखाव्याच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. पुण्यात काम निघालं तर स्वारगेटची विनाथांबा एस.टी. आहेच.

आणि डोंगर? तो गावातच आहे. पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याच्या डांबरी रस्त्याला उभं राहून बघावं. कानटोपी घातलेले निवृत्त मास्तर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, पदर खोचून झपाझप चढणाऱ्या बायका. शहरापासून सुमारे तीनशे मीटरची चढण. महादरवाजाशी जरा दम घ्यायचा, मंगळाईला हात जोडायचे, उन्हं चढायच्या आत खाली उतरायचं आणि आंघोळ करून कामाला लागायचं. ना तिकीट, ना पार्किंग, ना सुट्टीचा अर्ज. २०१२ पासून इथे डोंगरवाटेची अर्धमॅरेथॉन भरते आणि यवतेश्वरच्या घाटात हजारो माणसं धावतात. पण साताऱ्याचं वैभव मला त्या एका दिवसापेक्षा या रोजच्या चढणीत जास्त दिसतं. ज्याला डोंगराची ओढ आहे त्याला मंगळवारी सकाळी डोंगर चढता आला पाहिजे. वर्षातून चार वेळा गाडी काढून जायचं असेल तर पुणं काय वाईट आहे?

जागा निवडताना पावसाचा हिशेब आधी मांडावा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि घाट उतरून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईला त्याचा थोडासाच वाटा येतो. माथ्यावरच्या घराला दरवर्षी गळती, बुरशी, गंजलेले पत्रे आणि दिवस दिवस न वाळणारे कपडे. हा सगळा खर्च भाड्याच्या आकड्यात धरलेला नसतो. डोंगराच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत राहणारा माणूस पैशानेही सुखी राहतो आणि तब्येतीनेही. उतार कापून पाडलेल्या प्लॉटबद्दल तर मला कळकळीने सांगायचं आहे. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या डोंगर ओळखून होती, तरी दरडीखाली गेली. खिडकीतून दरी दिसते एवढ्यासाठी त्या उतारावर घर बांधायला जाऊ नये.

शेतजमिनीचा मोहही आवरावा. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘एन.ए. होऊन जाईल’ या एजंटाच्या शब्दावर विसंबू नये. सातबारा आणि बिनशेतीचा आदेश डोळ्यांनी वाचल्याखेरीज विसार देऊ नये. त्याहून बरं म्हणजे एक सबंध वर्ष, आषाढ-श्रावणासकट, भाड्याने राहावं.

सातारा मानवत नसेल तर जुन्नर आहे. शिवनेरी गावाला लागूनच, नाणेघाट, जीवधन, हरिश्चंद्रगड आवाक्यात. फक्त उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, तेव्हा दिवेलागणीनंतर लेकरांना एकटं सोडायचं नाही. भोर राजगड-तोरण्याला जवळ, पण मोठं दुखणं आलं की पुणं गाठावं लागतं. घरात म्हातारी माणसं असतील तर याचा विचार आधी करावा.

आता आपल्या जाण्याने त्या गावाचं काय होतं, हेही बोललं पाहिजे. शहरी पगाराची माणसं पुण्याचं भाडं मोजायला तयार झाली की पेठेतल्या नर्सला घर सोडून गावाबाहेर जावं लागतं. म्हणून गावाच्या चालू दरानेच घर घ्यावं, घासाघीस न करता वाढवून देण्याचा मोठेपणा दाखवू नये. साताऱ्यात दुसरी काळजी पाण्याची. कासच्या तलावाचं पाणी डोंगरउताराने शहरात येतं. त्याच वाटेवर जागतिक वारशात गेलेलं फुलांचं पठार आहे, आणि त्याच रस्त्याच्या कडेने बंगले-रिसॉर्टं वर सरकत चालली आहेत. डोंगराच्या ओढीने आलेल्या माणसाने तिथे पाया खणला, तर ज्यासाठी तो आला तेच तो खाणार.

म्हणून घर बघायला येणाऱ्यांना मी कासच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटाकडे नेतच नाही. शुक्रवार पेठ, शाहूपुरी, गोडोली इथे ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी कुठे लागली आहे, ते दाखवतो.