एका शेगडीचा स्वयंपाक

आजारातून उठताना, लांबच्या प्रवासातून परतल्यावर किंवा परीक्षा संपल्याच्या रात्री मराठी माणसाला जे खावेसे वाटते, ते बहुतेक वेळा मऊ, गरम आणि साधे असते. मुगाची खिचडी, मेतकूट-तूप घातलेला गुरगुट्या भात, लिंबू पिळलेला वरण-भात, लसणाच्या फोडणीचे पिठले हे सारे पदार्थ धान्य आणि डाळ यांच्या जोडीवर उभे आहेत आणि बेताच्या मिळकतीच्या घरांतही ते रोज शिजत आले आहेत. स्वस्त, पौष्टिक आणि जिवाला बरे वाटणारे या तीन गोष्टींत मुळात वैर नाही. बिघडते ते प्रमाण. ताटातला भात वाढतो, वरण पातळ होते, भाजी गळते आणि उरलेली उणीव तेल, पापड, लोणच्याने भरून काढली जाते. विद्यार्थ्याच्या खोलीत हे प्रमाण सर्वांत लवकर ढळते.

विद्यार्थ्याचे जेवण महाराष्ट्रात फार काळ दुसऱ्याच्या हातात होते. पुण्यात गरीब ब्राह्मण मुले माधुकरी मागत किंवा सात घरी वार लावून जेवत. ज्यांना ही दारे बंद होती त्यांच्यासाठी वसतिगृहे निघाली: राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून, आणि पुढे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी. भाऊरावांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकासह सगळी कामे वाटून घेत. नंतरचा काळ मेसचा आणि डब्याचा. आज स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहणारी मुले-मुली मेसला कंटाळून, किंवा मेस परवडत नाही म्हणून, स्वतः शिजवू लागतात, तेव्हा काय खायचे हा निर्णय पहिल्यांदाच पूर्णपणे त्यांचा होतो. घरी तो निर्णय आई घेत असे आणि तो घेतला जातो आहे हे कोणाच्या लक्षातही येत नसे.

पैशाइतकीच अडचण जागेची असते. एक इंडक्शन शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक कढई, फ्रिज नाही आणि विजेच्या बिलावर घरमालकाची नजर. बिलाची धास्ती मात्र अनाठायी आहे: १२०० वॅटची शेगडी वीस मिनिटे चालली तर ०.४ युनिट वीज जळते. खरे बंधन एकाच आचेचे आहे. वरण, भात, भाजी, पोळी असे चौरस ताट एका शेगडीवर मांडायचे तर सगळी संध्याकाळ जाते आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला ते जमत नाही. म्हणून ताटाचा चौरसपणा एकाच भांड्यात उतरवावा लागतो.

खिचडी या कामाला सर्वांत योग्य. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असते, ते डाळीत भरपूर मिळते. डाळीत मिथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. कमला सोहोनी यांनी १९३० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. दूध-मांस न परवडणाऱ्या माणसाच्या ताटाचे पोषण याच कडधान्यांवर तोलले जाते. रूढ खिचडीत दोन भाग तांदूळ आणि एक भाग डाळ असते. ६० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम मूगडाळ यांतून साधारण साडेअकरा ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन्ही ४५-४५ ग्रॅम घेतले तर चौदा ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या विद्यार्थ्याला सुमारे पन्नास ग्रॅम. एक वाटी तांदळाला एक वाटी डाळ एवढ्या बदलाने त्यातला चौथा हिस्सा एका जेवणात मिळतो. डाळ सालीची घेतली तर चोथाही पोटात जातो.

खिचडीतले सुख तिच्या मऊपणात आहे, तांदळात नाही. हे एकदा ध्यानात आले की भाजी कोणती घालायची हेही आपोआप ठरते. कोबी किंवा फरसबी खिचडीत वेगळी राहते, दाताखाली येते आणि आजारी माणसाच्या जेवणाची आठवण देते. लाल भोपळा आणि दुधी मात्र कुकरमध्ये विरघळतात. भोपळ्याच्या चार-पाच फोडी डाळ-तांदळात घातल्या, मिश्रणाच्या चौपट पाणी ओतले आणि शिट्ट्यांनंतर पळीने घोटले, तर खिचडी केशरट, किंचित गोड आणि अधिक मऊ होते. ताट भरलेले दिसते आणि भात मात्र निम्मा असतो. हे दोन्ही भोपळे मंडईत बहुधा स्वस्त असतात आणि न कापता ठेवले तर फ्रिजशिवाय टिकतात.

तेल जास्त पडते ते बहुधा भांड्यामुळे. पसरट कढईत एक चमचा तेल पातळ पसरते, मोहरी त्यात बुडत नाही, काही दाणे तडतडतात आणि काही जळतात, म्हणून हात सैल सुटतो. लहान फोडणीच्या पळीत तेच तेल खोल साठते. त्यात मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण आणि शेवटी हळद घालून ती फोडणी शिजलेल्या खिचडीवर वरून ओतली, तर झाकण उघडताक्षणी खोलीभर वास सुटतो. फोडणीचा सुगंध तेलात विरघळणारा असल्याने तो या चमचाभर तेलातच सारा उतरतो. तीन चमचे घातल्याने तिप्पट होत नाही. वाचलेल्या दोन चमच्यांत ऐंशी-नव्वद उष्मांक असतात.

वेळ अगदीच कमी असेल तेव्हा पिठले. ४० ग्रॅम बेसनात जवळजवळ नऊ ग्रॅम प्रथिने असतात. बेसन गार पाण्यात कालवायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत ओतायचे, घट्ट होईस्तोवर हलवत राहायचे आणि झाकण ठेवून वाफ आणायची, म्हणजे कच्चट वास जातो. चिरलेली मेथी किंवा कांद्याची पात यात सहज खपते. भाकरी इंडक्शनवर नीट फुगत नाही. ती नाक्यावरून विकत आणण्यात कमीपणा नाही.

उसळीसाठी मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली की उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. थंडीत आणखी एक दिवस लागतो. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते, लोहाला धरून ठेवणारे फायटेट घटते, आणि वर लिंबू पिळले की ते लोह अंगी अधिक लागते. जेवणावर लगेच घेतलेला चहा याच्या नेमके उलट करतो. अभ्यासाच्या दिवसांत चहा सुटणार नाही, पण तो जेवणानंतर तासभर पुढे ढकलता येतो. मुलींमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण पाहता हा तास फार मोलाचा आहे.

उरलेला भात हा धोक्याचा विषय आहे आणि खोलीवर राहणाऱ्यांना तो सहसा कोणी सांगत नाही. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात, आणि त्यांचे उलटी घडवणारे विष पुन्हा परतल्याने नष्ट होत नाही. फ्रिज नसेल तर सकाळचा भात रात्री फोडणीला टाकू नये. भात मोजून लावावा. उरवायचीच तर पोळी उरवावी. ती कोरडी असल्याने रात्रीची सकाळपर्यंत टिकते, आणि कांदा, शेंगदाणे घालून केलेला तिचा कुस्करा हा भरपेट नाश्ता आहे.

झटपट नूडल्सना पाप ठरवण्यात अर्थ नाही. रात्री एक वाजता भूक लागली की तीच हाताशी असतात. बहुतेक नूडल्स मैद्याच्या आणि तेलात तळून वाळवलेल्या असतात, आणि मीठ असते ते मुख्यतः पुडीत. पुडी अर्धीच घालावी, मूठभर मटार किंवा किसलेले गाजर टाकावे आणि एक अंडे फोडून घालावे. अंड्याने सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडे न खाणाऱ्याने भाजलेले शेंगदाणे घ्यावेत. पंचवीस ग्रॅम दाण्यांत तेवढीच प्रथिने असतात.

घरून पैसे येतात ते महिन्याच्या सुरुवातीला, आणि आहार बिघडतो तो शेवटच्या आठवड्यात. तेव्हा वडापाव आणि चहावर दिवस निघतात. रोज एक वेळची खिचडी धरली तर महिन्याला प्रत्येकी १.३५ किलो डाळ आणि तेवढाच तांदूळ लागतो. डाळ १२० रुपये आणि तांदूळ ५० रुपये किलो धरला, तर हा खर्च २३० रुपयांच्या आसपास येतो. पैसे हातात पडताच हे कोरडे सामान, अर्धा किलो दाणे आणि बेसन भरून घ्यावे, पोरकिडे होऊ नयेत म्हणून घट्ट झाकणाच्या बरण्यांत ठेवावे, आणि भाजीपुरते पैसे आठवड्याच्या हिशेबाने वेगळे काढावेत. पालेभाजी संध्याकाळी बाजार उठताना घ्यावी आणि त्याच रात्री शिजवावी. गाडीवाल्यालाही माल घरी परत न्यायचा नसतो, त्यामुळे जुडीचा भाव उतरलेला असतो.