धोंडो

मराठीत नाव ठेवणे या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. बारशाच्या दिवशी पाळण्यातल्या मुलाला नाव ठेवतात, आणि एखाद्याचे वागणे पसंत पडले नाही म्हणजे त्यालाही नावे ठेवतात. ही दोन्ही कामे एकाच वेळी उरकणारी काही नावे आपल्याकडे होती. धोंडो हे त्यांतले एक. बारशालाच मुलाची निंदा करून ठेवायची, म्हणजे पुढे कोणी, विशेषतः यमाने, त्याच्याकडे डोळे वर करून पाहू नये, असा त्यामागचा हेतू होता. आज जन्मलेल्या मुलाचे नाव धोंडो ठेवल्याचे ऐकिवात नाही. नाव दुर्मिळ झाले आहे. परंतु त्याने उभा केलेला नीतीचा प्रश्न तितकासा जुना झालेला नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम नावाविषयी. धोंडो म्हणजे धोंडाच. त्यात दुसरा गूढार्थ नाही. काशीच्या विश्वनाथाजवळ धुंडिराज या नावाने गणपती बसला आहे, आणि त्याच्यावरून धुंडिराज हे नाव महाराष्ट्रात आले. 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले चित्रपटमहर्षी फाळके हे धुंडिराज होते. उच्चाराच्या साम्यामुळे कित्येकदा धोंडोचा धुंडिराज करून त्याला प्रतिष्ठा देण्यात आली. पण घराघरांतला धोंडो बहुधा गणपतीचा नव्हता. पाठची दोन-तीन मुले दगावल्यावर जो झाला आणि ज्याच्याविषयी आईबापांना बोलण्याचेही भय वाटले, तो धोंडो. मूल कसले, दगड आहे झाले! दगडाला दृष्ट लागत नाही, दगडाला ताप येत नाही, आणि दगड कोणी उचलून नेत नाही. दगडू, केरू, कचरू, भिकाजी ही याच घराण्यातली नावे. दगडू धोंडोचा सख्खा भाऊ. केरू आणि कचरू केराबरोबर टाकून दिलेले. भिकाजी स्वतःचा नव्हेच, भिकेत मिळालेला.

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे घराणे केवळ मराठी नाही याचा प्रत्यय कचेरीच्या हजेरीपटावरच आला असेल. बंगाल्यांत तिनकडी आणि पाचकडी ही नावे असत. मूल दाईला किंवा आप्ताला विकल्यासारखे करायचे आणि तीन किंवा पाच कवड्या देऊन परत घ्यायचे, असा तो विधी. उत्तरेकडचा बेचन हा असाच विकलेला, आणि घसीटा जन्मताच जमिनीवरून घसटत नेलेला. तेलुगू पेंटय्या आणि कानडी तिप्पण्णा यांच्या नावांत उकिरडा आहे. तमिळ कुप्पुस्वामीच्या नावात केर आहे, आणि पिच्चै म्हणजे तर सरळ भिक्षाच. भाषा, लिपी, आहार आणि दैवते ज्यांची जुळत नाहीत अशा प्रांतांतील आयांनी मृत्यूला फसविण्याची युक्ती मात्र एकच शोधून काढली. सुखापेक्षा भयानेच माणसे अधिक सारखी होतात की काय, असा विचार हे पाहून मनात आल्यावाचून राहत नाही.

आता मुख्य प्रश्न. हे खोटे बोलणे आहे काय? आणि असल्यास, ते क्षम्य आहे काय?

जे मूल प्राणापलीकडे हवे आहे त्याला नकोसा दगड म्हणणे हे असत्य आहे, यात शंका नाही. परंतु असत्याने कोणी तरी फसावे लागते. येथे शेजारी फसत नाहीत. धोंडो म्हणजे नवसाचा मुलगा हे साऱ्या आळीला ठाऊक असते. यम फसत असेल असे मानायलाही आईबापांचे मन पुरते तयार नसते. फसवायचे ते स्वतःच्या भयाला, आणि तेवढ्यापुरती ही युक्ती सफल होते. या दृष्टीने धोंडो हे नाव असत्यापेक्षा प्रार्थनेला जवळचे आहे. प्रार्थनेतला नम्रपणा त्यात आहे. फक्त तो देवाऐवजी मृत्यूसमोर दाखविलेला आहे.

एवढ्यावर विषय संपला असता तर निर्णय सोपा होता. पण हे नाव ऐकणारा आणखी एक इसम आहे, आणि तो म्हणजे स्वतः धोंडो. त्याला ते आयुष्यभर ऐकायचे आहे. ज्या प्रेमाने निंदेचे सोंग घेतले ते प्रेम त्याला कळावे कसे? घरात ते सांगावे लागत नाही. आईच्या हाकेतच ते असते. घराबाहेर मात्र त्या नावाबरोबर आई जात नाही. शाळेत, बाजारात, कचेरीत नुसता धोंडा पोचतो.

हेतू चांगला तर कर्म चांगले, हे तत्त्व येथे अपुरे पडते ते यामुळे. कारण नाव एकटेच हिंडत असते, आणि त्याच्या अंगावर हेतूची चिठ्ठी चिकटवलेली नसते. हीच नावे निराळ्या हेतूंनीही ठेवली गेली आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे, असे सांगितले आहे. म्हणजे आईने पोटच्या गोळ्यासाठी भीतभीत स्वीकारलेले हीन नाव, स्मृतिकाराने एका मोठ्या समाजाला हक्काने वाटून दिले. कचरू हा एका घरी नवसाचा असेल, तर दुसऱ्या घरी त्याच नावाला शास्त्राची आणि गावाची संमती असेल, आणि हाक मारणाऱ्याला ते नाव उच्चारताना काडीचाही संकोच वाटत नसेल.

दुसरे उदाहरण याहून बोचक आहे. मुलगा वाचावा म्हणून त्याचे नाक टोचून त्यात नथ घालीत, आणि त्याला नथू म्हणत. मृत्यूने त्याला मुलगी समजावे आणि पुढे जावे, अशी ती योजना. मृत्यूलाही मुलगेच हवे असतात, हे येथे गृहीत धरलेले आहे. पण मग खरोखरीच मुलगी असलेल्या मुलीचे काय? तिला एका पाठोपाठ एक मुलीच झालेल्या घरात नकोशी किंवा नकुसा हे नाव मिळाले. धोंडो आणि नकुसा ही दोन्ही नावे वरवर पाहता एकच गोष्ट सांगतात. परंतु धोंडो हे सोंग होते आणि नकुसा ही कबुली होती. सातारा जिल्ह्यात 2011 साली जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अडीचशेहून अधिक मुलींची ही नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, ही घटना म्हणूनच आम्हांस कोणत्याही मोठ्या नामांतरापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

तेव्हा नावाची बरीवाईट जात ठरते कोठे? आमच्या मते ती ठेवणाऱ्यापाशी अर्धीच ठरते. उरलेली अर्धी घेणाऱ्यापाशी. नाव ठेवणे एकदाच घडते, नाव घेणे रोज घडते. मराठीने याची सोय प्रत्ययांत करून ठेवली आहे. एकाच दगडाचे धोंडोपंत होतात, धोंडिबा होतो आणि धोंड्याही होतो. 1857 च्या संग्रामातले नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत होते. हिंगण्याची संस्था आणि 1916 साली महिला विद्यापीठ उभारणारे, 1958 साली भारतरत्न झालेले आणि वयाची शंभरी ओलांडून 1962 साली निवर्तलेले महर्षी कर्वे हे धोंडो केशव. त्या नावातला दगड कोणाला बोचला नाही, कारण घेणाऱ्यांनी ते आदराने घेतले. गावकुसाबाहेरच्या धोंडिबाला मात्र तोच दगड धोंड्या म्हणून रोज फेकून मारला गेला. दोघांच्या आयांनी कदाचित एकाच भयाने बारसे केले असेल. फरक केला तो हाक मारणाऱ्या जगाने.

हे नाव दुर्मिळ का झाले, याचे उत्तर सहसा अभिरुचीत शोधतात. आपण सुधारलो, कानांना गोड लागणारी नावे आवडू लागली, असे म्हणतात. ते उत्तर पुरेसे नाही. 1951 च्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे 146 मुले वर्षाच्या आत दगावत. 2020 सालच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे हा आकडा देशात 28 आणि महाराष्ट्रात 16 होता. मुंबईत 1802 साली देवीची पहिली लस टोचली गेली. 1977 साली देश देवीमुक्त जाहीर झाला. मधल्या काळात स्वच्छ पाणी, सुईणींचे शिक्षण, इस्पितळे आणि मोजकी अपत्ये यांनी आपापले काम केले. मोजक्या अपत्यांसाठी ज्यांनी 1921 पासून लोकनिंदा सोसली आणि 1927 पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले, ते कर्वे रघुनाथ धोंडो होते. बापाचे नाव मधोमध मिरविण्याच्या आपल्या रीतीमुळे धोंडो या कार्यातही सामील झाला, असे म्हणावयास हरकत नाही. थोडक्यात, धोंडो हे नाव आपल्या सौंदर्यदृष्टीने घालविले नाही. त्याची गरज संपली. आपल्या आज्यांपेक्षा आपण अधिक रसिक झालो असू वा नसू, अधिक निर्धास्त मात्र झालो आहोत.

म्हणून अशा नावाला हसणाऱ्याने जरा थांबावे. आज आपण मुलांची नावे कोशांतून निवडतो. ती तेजस्वी असतात, विजयी असतात, क्वचित ती धारण करणाऱ्याला त्यांचा अर्थही समजावून सांगावा लागतो. त्या नावांत मुलाकडून पुष्कळ अपेक्षा असते. धोंडो या नावात एवढीच अपेक्षा होती की त्याने जगावे.

आपल्यापैकी अनेकांच्या हाताखालून रोज नावे जातात. अर्जांवर, सेवापुस्तकांत, राजपत्रातील नामांतराच्या सूचनांत ती येतात. एखादा कचरू किंवा एखादी नकुसा नाव बदलून मागते तेव्हा तिने कारण काय द्यावे, अशी अपेक्षाच आपण ठेवू नये. कारण नावातच लिहिलेले असते. आणि एखादे वृद्ध धोंडोपंत निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही करताना आपले नाव पूर्ण, ठसठशीत लिहितात, तेव्हा त्यांचे ते नाव मोठ्याने वाचताना आपला आवाज कसा लागतो, इकडे आपले लक्ष असावे. बारसे करणारी आई आता नाही. तिने अर्धे सोडलेले काम आपल्याकडे आले आहे.