उपरी आणि मिरासदार

मनुष्यानें आपला देश सोडून परक्या देशांत कायमचें वास्तव्य करावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. मात्र दर पिढीला तो नव्या वेषांत भेटतो. बौधायनानें समुद्रगमन पातकांत गणिलें. पुढें तें कलिवर्ज्यांत गेलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विलायतेहून परतलेल्या कित्येक गृहस्थांना प्रायश्चित्त घेऊनच पंक्तीला बसतां येई. त्या प्रायश्चित्ताला आज कोणी विचारीत नाहीं. तथापि पातकाची भावना नाहींशी झाली असें आमच्यानें म्हणवत नाहीं. ती धर्मशास्त्रांतून उठली आणि अर्थशास्त्रांत जाऊन बसली, इतकेंच. ज्या देशानें शिकवून शहाणें केलें त्याला टाकून जाणें ही कृतघ्नता होय, असें आतां व्याख्यानांतून सांगितलें जातें. सांगणारांपैकीं पुष्कळांचे चिरंजीव टोरांटोस किंवा सिॲटलला असतात, ही गोष्ट निराळी.

महाविद्यालयांत शिकविणाराला या प्रश्नाकडे पाठ फिरवितां येत नाहीं. दर हिंवाळ्यांत आमच्याकडे शिफारसपत्रांसाठीं विद्यार्थी येतात. आणि जे येतात ते बहुधा वर्गांतले पहिल्या बांकावरचे असतात. त्यांना पत्रें देण्यास आम्ही कधीं नाकारलें नाहीं व पुढेंही नाकारणार नाहीं. परंतु सही करतांना प्रत्येक वेळीं मनांत येतें कीं, या मुलाचें जाणें युक्त कीं अयुक्त, हें ठरविण्याचें माप तरी कोणतें?

ऋणाचें माप सर्वांत सोपें म्हणून लोक प्रथम तेंच हातीं घेतात. पवईची तंत्रविद्येची संस्था १९५८ सालीं निघाली. अशा संस्थांतून सरकारी पैशानें शिकून मुलगा परदेशीं गेला, तर पैसा बुडाला असा हा हिशेब. मुंबईंत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हा हिशेब अधिक नीटपणें मांडला. गरीब देशांतून श्रीमंत देशांत गेलेल्या कुशल माणसांच्या तेथील प्राप्तीवर कर बसवावा व तो पैसा विकासाच्या कामीं लावावा, अशी त्यांची सूचना होती. हिंदुस्थानानें ती कधीं अंमलांत आणली नाहीं. परंतु तिच्यांतला प्रामाणिकपणा आम्हांस आवडतो. ती रुपयांचें देणें रुपयांत मागते, माणूस मागत नाहीं. ऋणाच्या नांवाखालीं माणसाचें उभें आयुष्यच मागणारे जे आहेत, त्यांच्यापुढें मात्र एक जुनें उदाहरण ठेवावेंसें वाटतें.

डॉ. आंबेडकर १९१३ सालीं अमेरिकेस गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. परत येऊन बडोदें संस्थानची दहा वर्षें नोकरी करावी असा करार होता, व त्या कराराप्रमाणें १९१७ सालीं ते बडोद्यास गेलेही. ऋण फेडावयास ऋणको स्वतःच्या पायांनीं दारांत येऊन उभा राहिला होता. बडोद्यांत त्यांना डोकें टेकावयास जागा मिळेना. जात लपवून ते एका पारशी खाणावळींत उतरले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या पारश्यांच्या जमावानें त्यांना तेथूनही बाहेर काढलें. ही हकीकत त्यांनीं पुढें ज्या इंग्रजी लिखाणांत सांगितली त्याचें नांव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असें आहे. स्वतःच्या देशांत परवान्याची वाट पाहणारा मनुष्य! ऋणाचा व्यवहार दुतर्फा असतो. जी भूमि हक्क सांगते तिनें निवासही दिला पाहिजे.

येथें एक खबरदारी घेतली पाहिजे. आज परदेशीं जाणारे आमचे बहुतेक विद्यार्थी सुखवस्तु घरचे असतात. त्यांना येथें कोणी काठी दाखविलेली नसते. ते अधिक पगारासाठीं, चांगल्या प्रयोगशाळेसाठीं, किंवा नुसतें शेजारचा गेला म्हणून जातात. बाबासाहेबांच्या यातनांची ढाल त्यांनीं आपल्यापुढें धरूं नये. ती त्यांची नव्हे. त्यांच्यासाठीं निराळें, आणि आमच्या मतें पुरेसें, समर्थन प्लेटोच्या ‘क्रायटो’मध्यें आहे. तुरुंगांत असलेल्या सॉक्रेटिसाशीं अथेन्सचे कायदे बोलत आहेत अशी तेथें कल्पना केली आहे. ज्याला आम्ही आवडत नाहीं त्यानें आपली चीजवस्तु घेऊन खुशाल जावें, आम्ही कोणाला अडवीत नाहीं; तूं मात्र सत्तर वर्षें राहिलास, तेव्हां तूं आम्हांला मान्यता दिलीस, असा त्या कायद्यांच्या म्हणण्याचा आशय. याचा अर्थ असा कीं, दार उघडें असेल तरच आंत राहणाराच्या निष्ठेला किंमत येते. जाणें हें पातक ठरविलें, कीं राहणें ही नुसती कैद ठरते. ज्यांना देशनिष्ठा प्रिय आहे त्यांनींच जाण्याचा हक्क सर्वांत आधीं सांभाळला पाहिजे.

तेव्हां जाण्यांत दोष नाहीं. इतकें म्हटल्यावर लेख संपावयास हरकत नव्हती. परंतु आमच्या मतें खरा नैतिक प्रश्न येथूनच सुरू होतो. तो जाण्याचा नसून राहण्याचा आहे. परका देश माणसाला कोणत्या बोलीवर राहूं देतो, आणि त्या बोलीवर राहिल्यानें माणसाचें काय होतें?

कॅनडानें १९६७ सालीं गुणांची पद्धति सुरू केली. २०१५ पासून तेथें ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ नांवाची योजना आहे. तिच्यांत उमेदवाराचें वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांना गुण देऊन १२०० पैकीं त्याची गणना होते. एकट्या उमेदवाराला विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत वयाचे ११० गुण असतात. मग ते उतरत जातात, आणि पंचेचाळिसाव्या वर्षीं शून्य होतात. ऑस्ट्रेलियाची तऱ्हाही अशीच. या पद्धतीची थट्टा करणें सोपें आहे. परंतु तिच्या आधीं काय होतें तें विसरतां कामा नये. १९१४ सालीं ‘कोमागाता मारू’ जहाजावरील ३७६ हिंदी उतारूंपैकीं थोड्यांखेरीज सर्वांना व्हँकूवरहून परत लावण्यांत आलें. १९२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद हा गोरा नव्हे म्हणून त्याला नागरिकत्व नाकारलें. चामड्याचा रंग विचारणाऱ्या कायद्यापेक्षां पदवी विचारणारा कायदा शतपटीनें बरा, यांत शंका नाहीं.

तरीही गुणपत्रिका मोजते ती माणसाची उपयुक्तता, आणि जो वर्षानुवर्षें तिच्याकडे डोळे लावून बसतो तो स्वतःकडेही तिच्याच डोळ्यांनीं पाहूं लागतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तिशी उलटल्यावर फ्रेंच शिकावयास घेतल्याचें कळविलें, तेव्हां आम्हांस मोठा आनंद झाला. मोलिएरचीं दोन नाटकें त्याला पाठवावीं असेंही मनांत आलें. पुढच्या पत्रांत उलगडा झाला. कॅनडाच्या गणनेंत फ्रेंचला जादा गुण आहेत. त्याला हंसण्याचें कारण नाहीं. विद्येचा असा उपयोग परीक्षेसाठीं आम्हीच त्याला शिकविला.

अमेरिकेची गोष्ट अधिक बिकट आहे. तेथें नोकरीच्या आधारें कायम निवासाचे परवाने वर्षाला सुमारे १,४०,००० ठरलेले आहेत, व कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांना त्यांतले साधारण शेंकडा सातांहून अधिक मिळूं नयेत असा नियम आहे. १९६५ च्या कायद्यानें राष्ट्रवार वांटणी मोडून काढली असें आम्ही इतिहासांत शिकवितों; तरी हा नियम जन्मस्थळच पाहतो. एकाच कचेरींत, एकाच कामावर शेजारी शेजारी बसणारे दोघे असले, आणि एक कोलंबोंत व दुसरा कोल्हापुरांत जन्मलेला असला, तर पहिल्याला परवाना कांहीं वर्षांत मिळतो आणि दुसऱ्याची पाळी येण्यास दशकें लागूं शकतात. तोंवर त्याची स्थिति मालकाच्या अर्जावर अवलंबून. नोकरी गेली कीं साधारणतः साठ दिवस. तेवढ्यांत दुसरा मालक शोधावा किंवा गाशा गुंडाळावा.

या स्थितीला नांव शोधण्यासाठीं इंग्रजी कोशाकडे जाण्याची गरज नाहीं. पेशवाईंतील दख्खनच्या खेड्यांत जमीन कसणारांचे दोन वर्ग असत. एक मिरासदारांचा, दुसरा उपऱ्यांचा. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला विकतां येई, गहाण टाकतां येई, आणि सारा भरीत राहील तोंवर त्याला तिच्यावरून कोणी उठवीत नसे. उपरी हा बाहेरून आलेला कुळवाडी. तो कौलावर जमीन करी, आणि त्याचा हक्क त्या कौलाइतकाच. एल्फिन्स्टननें आपल्या १८१९ सालच्या अहवालांत हा भेद नोंदला आहे. मिरासपत्र करून घेऊन उपऱ्याला मिरासदार होतां येत असे. आमचा विद्यार्थी वॉशिंग्टनकडून जें हिरवें कार्ड मागतो तें अशा मिरासपत्राच्याच जातीचें आहे.

परंतु एका बाबतींत जुनी मिरास या नव्या मिराशीपेक्षां उदार होती. दुष्काळानें किंवा धामधुमीनें परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनीं परत आला, तरी गांव त्याचा हक्क ओळखीत असे. आजचें कायम निवासाचें पत्र गैरहजेरी सोसत नाहीं. कॅनडांत पांच वर्षांतले ७३० दिवस तेथें काढलेच पाहिजेत. अमेरिकेबाहेर पूर्वपरवानगीवांचून वर्षाहून अधिक राहिलें, तर निवास सोडला असें धरण्यांत येतें. साताऱ्यास आई अंथरुणाला खिळली आहे, आणि मुलगा तिच्या उशाशीं बसून दिवस मोजतो आहे. तिचे नव्हे, आपले. ‘कायम’ या शब्दाचा असा अर्थ आपल्या भाषेला आजवर माहीत नव्हता.

प्राचीन अथेन्समध्येंही असे उपरी होते. त्यांना ‘मेटिक’ म्हणत. मेटिक पुरुषानें वर्षाला बारा द्राक्मा कर भरावा, कोणातरी नागरिकाला पुरस्कर्ता म्हणून पुढें करावें, लढाईंत उभें राहावें. परंतु विशेष सवलतीवांचून त्याला जमीन घेतां येत नसे, आणि सभेंत मत तर नाहींच. ॲरिस्टॉटल हा स्टॅगिराहून आलेला असाच एक मेटिक होता. न्याय देण्यांत व राज्य चालविण्यांत ज्याचा भाग तो नागरिक, अशी व्याख्या ज्यानें जगाला दिली, त्याचा अथेन्समध्यें यांपैकीं कशांतच भाग नव्हता. मायकेल वॉल्झर यांनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत याच मेटिकांचा दाखला घेऊन असें प्रतिपादिलें आहे कीं, ज्यांचे श्रम राष्ट्र घेतें त्यांना नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवणें त्याच्यावर बंधनकारक आहे. नाहीं तर तें आपल्या पाहुण्यांवर जुलूम करणारें कुटुंब ठरतें. आम्हांस हें मत ग्राह्य वाटतें. किती माणसें घ्यावीं हें ठरविण्याचा यजमानाचा अधिकार आम्ही नाकारीत नाहीं. घेतल्यावर वीस वर्षें त्यांना उंबऱ्यावर उभें करण्याचा अधिकार नाकारतों.

उंबऱ्यावरच्या माणसाचें नुकसान पैशांत दिसत नाहीं, म्हणून त्याची कोणी कींव करीत नाहीं. पगार उत्तम असतो. परंतु ज्याला आपली जमीन उद्यां सुटेल अशी धास्ती आहे, तो तिच्यांत विहीर कां खणील? तो नगरपालिकेच्या तंट्यांत पडत नाहीं, कचेरींतल्या अन्यायाविरुद्ध बोलत नाहीं. त्या देशांत त्याला मत नाहीं. येथें आहे, परंतु तें द्यावयास स्वतः विमानानें मतदानकेंद्रावर यावें लागतें. ॲरिस्टॉटलच्या व्याख्येप्रमाणें पाहूं गेल्यास तो कोठलाच नागरिक उरत नाहीं. २०२२ या एका सालांत सव्वादोन लाखांहून अधिक लोकांनीं हिंदी नागरिकत्व सोडलें, त्यांना आपले लोक नांवें ठेवतात. आम्हांस त्यांच्याविषयीं तितकी चिंता वाटत नाहीं. ते निदान कोठेंतरी पोंचले.

कायमपणाची किंमत किती समजावी, याचाही विचार जाणारानें केला पाहिजे. सत्या नाडेला यांनीं आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे कीं, १९९४ सालीं त्यांनीं मिळालेलें हिरवें कार्ड परत करून तात्पुरता कामगार-परवाना घेतला. कारण कायम निवाशाच्या पत्नीला यावयास वर्षें लागत, आणि तात्पुरत्या माणसाच्या पत्नीला लगेच येतां येई. असला कायदा कोणत्या डोक्यांतून निघाला हें कळत नाहीं. परंतु त्या गृहस्थाला निवास म्हणजे काय हें कायद्यापेक्षां अधिक समजलें होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, हे लोक आपण होऊन गेले, अटी वाचून गेले. संमतीनें गेलेल्यावर अन्याय कसला? क्रायटोमधील युक्तिवाद येथें उलटा लावून पाहावा. सॉक्रेटिसाची संमति खरी, कारण त्यानें सत्तर वर्षें तें नगर पाहिलें होतें, आणि जाण्याचें दार रोज उघडें होतें. आमचा विद्यार्थी चोविसाव्या वर्षीं तीन वर्षांच्या परवान्यावर गेला. त्याचीं सहा झालीं, मग मुदत वाढत गेली. मधल्या काळांत घर झालें, कर्ज झालें, आणि येथला धागा सुटला. चोविसाव्या वर्षींची सही चव्वेचाळिसाव्या वर्षीं त्याच्यापुढें धरणें हें कायद्याला शोभत असेल, युक्तिवादाला शोभत नाहीं. आणि ज्या मुलीला त्यानें दोन वर्षांची असतांना कडेवर घेऊन नेलें, तिनें तर कसलीच सही केलेली नव्हती. ती तेथल्या शाळेंत वाढली, मराठी तिला आजीशीं बोलण्यापुरती येते; एकविसावें वर्ष लागलें कीं बापाच्या अर्जावरचें तिचें नांव गळूं शकतें, आणि मग तिला स्वतःचा परवाना मिळवावा लागतो किंवा जिची तिला आठवणही नाहीं अशा जन्मगांवीं परतावें लागतें.