सगळं करा, डॉक्टर

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांचं एक वाक्य ठरलेलं असतं. ‘पैशांचं आम्ही बघू, तुम्ही फक्त सगळं करा.’ त्यात व्हेंटिलेटर येतो, डायलिसिस येतं, केमोची आणखी एक फेरी येते. गाठ हाडात पसरल्यामुळे पेशंटच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, त्याला झोप मिळवून देणं मात्र त्यात कुणी धरत नाही. मग एके दिवशी राउंडवर आलेले डॉक्टर म्हणतात, ‘आता आमच्या हातात काही नाही, पॅलिएटिव्हवाल्यांना बोलावू.’ पॅलिएटिव्ह म्हणजे आजार बरा होवो न होवो, त्रास कमी करणारे उपचार. म्हणजे करण्यासारखं तेव्हाही पुष्कळ शिल्लक असतं. फक्त ते करणाऱ्यांना बोलवायला उशीर झालेला असतो.

या उशिराची किंमत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मोजली गेली. फुफ्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ पेशंटांपैकी काहींना जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी नेहमीचे उपचार दिले, तर बाकीच्यांना त्याच उपचारांबरोबर निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह टीम जोडून दिली. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटात उदासी कमी होती, अखेरीला नळ्या-सुयांचा मारा कमी झाला होता, आणि तरीही ते पेशंट जास्त जगले. पहिल्या गटाचं मध्यक आयुर्मान ८.९ महिने, तर दुसऱ्याचं ११.६. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत आयुष्य असं वाढलेलं दिसलेलं नाही, म्हणून त्याची जाहिरात करू नये. पण पॅलिएटिव्ह टीम आली म्हणजे माणूस लवकर जातो, ही भीती निराधार आहे एवढं मान्य व्हायला हरकत नाही.

ही टीम येऊन करते काय? आधी दुखणं नीट विचारते. कुठं, केव्हा, कसं. टोचतं, जळतं की ठणकतं. हाडातल्या दुखण्याला कधी किरणांची एकच बैठक उतार पाडते. नस दाबली गेल्याने होणाऱ्या जळजळीला वेगळ्या गोळ्या लागतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पाठीकडे जाणारी कळ नसांचा एक गुच्छ सुन्न करून कमी करता येते. आणि मॉर्फिन. साधी गोळी दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते. व्यसनाच्या धास्तीने घरचे निम्मीच गोळी देतात, तेव्हा टीममधली नर्स शेजारी बसून पुन्हा समजावते. धाप लागणाऱ्या पेशंटलाही मॉर्फिनची लहान मात्रा आणि चेहऱ्यावर छोटा पंखा यांनी आराम पडू शकतो. हे सगळं फक्त कर्करोगासाठी नाही. थकलेलं हृदय, निकामी मूत्रपिंड, सिगारेटने जळालेली फुफ्फुसं, हे पेशंटही याच दाराशी येतात. खरं तर यायला हवेत; येतात थोडेच.

मॉर्फिनवरून एक विसंगती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॉर्फिन जिच्यापासून बनतं ती अफू मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने पिकते आणि परदेशी जाते. त्याच देशात १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर दवाखान्यांतलं मॉर्फिन आटत गेलं, कारण एका औषधासाठी निरनिराळ्या खात्यांचे परवाने गोळा करायचे. शेवटी दुकानदाराने आणि डॉक्टरनेही नाद सोडला. २०१४ साली दुरुस्ती होऊन वाट सुकर झाली. पण औषध हाताळायचीच सवय मोडलेल्या डॉक्टरांच्या पिढीचं काय करायचं, ते दुरुस्तीत लिहिलेलं नाही.

दुखण्याहून अवघड काम घरच्यांशी असतं. थोरला मुलगा खोलीबाहेरच डॉक्टरांना गाठतो: ‘आप्पांसमोर कॅन्सर शब्द काढू नका हं, ते खचतील.’ आत आप्पा हळूच म्हणतात, ‘मला कळलंय सगळं. पोरांना सांगू नका, झेपायचं नाही त्यांना.’ या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा, असे आप्पा त्यांनी डझनांनी पाहिलेत. दोन्हीकडून माया, आणि मधे बँकेची खाती, धाकटीचं लग्न, गावच्या वाटणीची कागदपत्रं न बोलता पडलेली. जाणता डॉक्टर इथे घाईने सत्य सांगत नाही. तो विचारतो, ‘आप्पा, आजाराबद्दल तुम्हाला काय काय ठाऊक आहे? आणखी किती कळायला हवंय?’ मग थांबतो. असं थांबणं शिकावं लागतं. परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये २०१२ साली पॅलिएटिव्ह मेडिसिनची एमडी सुरू झाली, तेव्हा ते रीतसर शिकवायची सोय झाली.

आता या तासाभराच्या बैठकीचं बिल काढून दाखवा. सीटी स्कॅनला दर आहे, खाटेला दर आहे, विम्याला प्रोसिजर लागते. मुलगा आणि बाप एकमेकांशी बोलू लागले याला प्रोसिजर म्हणत नाहीत. मोठमोठ्या खासगी इस्पितळांतही हा विभाग एखाद-दोन माणसांवर चालतो याचं कारण मला तरी हेच दिसतं.

निरर्थक उपचार थांबवण्याबाबत कायदाही पुष्कळ मागे होता. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पहिली फट उघडली. २०१८ साली अखेरीला कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला मान्यता मिळाली, पण दंडाधिकाऱ्याच्या सहीसकट अटी अशा की कुणी त्या वाटेला जाईना. २०२३ साली त्या शिथिल झाल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. तरीही व्हेंटिलेटर काढताना डॉक्टर बिचकतात, आणि ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करून पेशंटला घरी नेण्याची जुनी पळवाट चालूच आहे.

या पळवाटेने घरी गेलेल्या माणसाच्या पिशवीत एक्स-रे असतात, बिलं असतात. मॉर्फिनची पट्टी नसते. रात्री घशात घरघर सुरू झाली की घर हादरतं आणि रिक्षा पुन्हा इस्पितळाकडे. ती घरघर ऐकणाऱ्याला जितकी असह्य होते तितकी बहुधा पेशंटला होत नाही, हे आधी सांगितलेलं असलं, कुशीवर कसं वळवायचं, ओठ ओल्या कापसाने कसे पुसायचे, कातडीखाली इंजेक्शन कसं द्यायचं हे सुनेला दाखवलेलं असलं, तर रात्र निभते. पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केंद्रात १९९७पासून पेशंटसोबत घरच्या माणसालाही ठेवून घेऊन हे शिकवतात. अखेरच्या दिवसांतल्या पेशंटांसाठीचं देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली वांद्र्यात उभं राहिलं. म्हणजे आरंभ आपल्याकडचा. पण गल्लोगल्ली पोचलं केरळ. १९९३ साली कोझिकोडमध्ये डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी धरलेलं काम शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी उचललं, आणि २००८ साली राज्याने त्याचं धोरण केलं. आपल्याकडे परळच्या टाटाहून दूरच्या तालुक्याला निघालेल्या पेशंटच्या फाइलवर रात्री फोन कुणाला करायचा ते लिहायचं, तर तिकडे फोन उचलणारं माणूस आधी नेमावं लागेल.