ठिगळाची नीति

तात्पुरती दुरुस्ती ही लबाडी ठरते काय? १९४१ ते १९४५ या काळांत युद्धासाठीं बनलेल्या विलीस जीपसारखी जुनी गाडी घ्या. तिच्या इंजिनाची उष्णता पाणी रेडिएटरकडे वाहून नेतें. दोहोंना जोडणारी रबरी नळी वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें कडक होऊन तडकते व पाणी गळूं लागतें. अशा वेळीं इंजिन निवूं द्यावें, मगच झाकण काढावें. एरवीं उकळतें पाणी अंगावर उसळतें. चीर टोकाशीं असून लांबी पुरत असेल तर तेवढा भाग कापून क्लिप पुन्हां आवळावी. चीर मध्येंच असेल तर नळी कोरडी करून वर रबरी पट्टी घट्ट गुंडाळावी, पाणी भरावें आणि सावकाश गांव गांठावें.

अडचणींत असें ठिगळ लावणें मला शहाणपणाचेंच वाटतें. परंतु त्यानें केवळ मुदत मिळते. ऋण फिटत नाहीं. नवी नळी न बसवितां, ठिगळाविषयीं अवाक्षरहि न काढतां ती गाडी आपण स्नेह्याच्या हातीं दिली, तर घाटांत इंजिन तापेल तेव्हां शिक्षा निरपराध्याला होईल. तेथें खोटें कोणी बोललेलें नसतें. तरीहि फसवणूक पुरती झालेली असते.