मोठ्याचा सदरा, लहानाचें माप

जुनें वस्त्र गरिबाच्या मुलास देणें हा उपकार कीं अपमान, असें एका उपदेशक बंधूंनीं आम्हांस विचारलें आहे. प्रश्न आम्हांस टोंचला, कारण त्यांत आमचाच एक अपराध आहे.

एका नाताळांत मंडळींत वाटावयास मोठ्या माणसांचे टी-शर्ट आमच्या हातीं आले. ज्यांस ते नीट होईनात त्यांनीं ते दिले होते. आम्हीं ते मुलांस जसेच्या तसे वाटले व समाधानानें घरीं गेलों. पुढच्या रविवारीं एक मुलगी तो घालून शब्बाथशाळेंत आली. गळा खांद्यावरून घसरे, बाह्या कोपराखालीं लोंबत. मुलें हंसलीं. त्यानंतर दोन रविवार ती आली नाहीं.

मंडळींतील एका विधवा भगिनीनें तो टी-शर्ट मागून नेला. तिनें मुलीचा अंगासरसा बसणारा झगा त्यावर पसरला, साबणाच्या चिपेनें रेघ ओढली, आणि शिवणीसाठीं बोटभर कापड राखून कातर लावली. खालची जुनी दुमड तशीच ठेविली. तेवढी शिलाई वांचली. ताण आडवा राहील असें पाहिलें, मोठ्या बाहींतून लहान बाही काढली. सुई बोथट टोंकाची घेतली, कारण तीक्ष्ण सुईनें विणीचे फांसे तुटतात. टीप नागमोडी घातली, म्हणजे कापड ताणलें तरी दोरा तुटत नाहीं. गळ्याची पट्टी लावण्यापूर्वीं मुलीस बोलावून डोकें आंत जातें कीं नाहीं तें पाहिलें.

कापड तेंच होतें, उलट थोडें कमीच झालें. मग अधिक काय झालें? कोणीतरी त्या मुलीकडे पाहिलें होतें. आम्हीं वाटतांना केवळ गठ्ठ्याकडे पाहिलें.

हन्ना शिलो येथें वर्षोवर्षीं शमुवेलासाठीं लहान झगा करून नेई (१ शमु. २:१९). मूल वाढतें, म्हणून प्रीतीला दरसाल नवें माप घ्यावें लागतें. यापो येथील विधवांनीं दुर्कसेनें केलेले अंगरखे पेत्रास दाखविले (प्रे. कृ. ९:३९); तिनें कापड कोठून आणिलें हें शास्त्र सांगत नाहीं.

कोणी म्हणेल, दोन अंगरखे असणाऱ्यानें एक द्यावा एवढेंच योहानानें सांगितलें (लूक ३:११), शिंप्याचें काम सांगितलें नाहीं. परंतु ज्याजवळ नाहीं त्यास द्यावें, असेंही तो सांगतो. आणि जें अंगावर राहत नाहीं तें मिळूनही त्या मुलीजवळ कांहीं नव्हतेंच.

लाजेविषयीं एक गोष्ट. इंग्लंडांत १९४१ च्या जूनपासून १९४९ च्या मार्चपर्यंत कपड्यांवर रेशनिंग होतें, आणि १९४३ सालीं सरकारनें ‘मेक डू अँड मेंड’ या पुस्तिकेंतून जुनें वापरून नवें करण्याचे उपाय घरोघर शिकविले. आईबापांच्या कपड्यांतून बेतलेला झगा तेव्हां कोणास हिणवीत नसावा, कारण निर्बंध सर्वांवरच होता. आपल्या मुलांस दुकानांतलें आणि शेजाऱ्याच्या मुलांस मात्र कापून दिलेलें, असें चालेल तोंवर त्या बंधूंचा प्रश्न सुटला असें आम्हांस म्हणवत नाहीं.

तिसऱ्या रविवारीं ती मुलगी आली. उरलेल्या बाहीची टोपी तिच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर होती. आम्हीं दोघांस पुढें बसविलें. परंतु तिची क्षमा मागावयाची अजून राहिली आहे.